रिकामी खाच

साहेब, पेटीतली ती खाच रिकामी होती, हे तुम्ही पाहिलं होतं. मी बोट ठेवून दाखवली होती. तुम्ही एकदा खाचेकडे पाहिलंत, एकदा माझ्याकडे, आणि स्वतःच्या हाताने झाकण लावलंत. पुढे चौकशीत तुम्ही म्हणालात की असं काही कुणी निदर्शनास आणलंच नाही. तुम्ही खोटं बोललात. मीही बोललो. आधी माझं खोटं सांगून टाकतो, मग तुमच्याकडे वळतो.

मी लहानू आगवणे. पोलीस दलात आर्मरर होतो, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा माणूस. परेडमध्ये आम्ही नसतो, फोटोत नसतो. बंदूक चालली तर चालवणाऱ्याचं नाव होतं. नाही चालली तर आमचं नाव विचारतात.

सात जिल्ह्यांच्या पथकांना लांब पल्ल्याच्या रायफली मिळाल्या आणि दुसऱ्या वर्षी त्यांचे सायलेन्सर आले. कागदावर त्यांना सप्रेसर म्हणायचे. वाटपाच्या दिवशी तुम्ही स्वतः हजर होतात. पेटी उघडली की आत काळा स्पंज, आणि त्यात प्रत्येक वस्तूच्या मापाची जागा कोरलेली. लांब जागेत सायलेन्सर, आखूड जागेत पाना, तिसऱ्या जागेत ब्रश. आणि कोपऱ्यात बांगडीएवढी एक गोल खाच, मोकळी. सातही पेट्यांत मोकळी. मी विचारलं, साहेब, इथं काय बसतं? तुम्ही म्हणालात, "काही बसत नाही. साचाच तसा आहे." मग ते झाकण.

सायलेन्सर लांबुडका, काळा, मधे थोडा फुगलेला. गोरख सांगळेने पहिल्याच दिवशी त्याला दुधी म्हटलं आणि तेच नाव पडलं. सांगळे आमच्या पथकाचा नेमबाज, येवल्याचा. आम्ही एकाच तुकडीत भरती झालो, एकाच खोलीत राहिलो, एकमेकांचे डबे खाल्ले. त्या गोल खाचेचा उपयोगही त्यानेच शोधला. त्याची चुन्याची डबी तिच्यात अशी चपखल बसायची की जणू तिच्यासाठीच कोरली होती. साहेब म्हणतात इथं काही बसत नाही, तो म्हणायचा, आणि डबी ठेवायचा.

दुधीने आवाज बंद होईल असं सांगितलं होतं. बंद होत नव्हता, तोंडावर पदर धरून कुणी खोकावं तसा व्हायचा. त्याची तक्रार नव्हती. रडगाणं वेगळं होतं. दुधी रायफलीच्या तोंडाला आट्यांवर फिरवून बसवायची. दोन गोळ्या झाल्या की ती पाव फेरा ढिली व्हायची. चार झाल्या की अर्धा. ढिली झाली की एका अंगाला झुकायची. दुधीच्या पोटात भोकं पाडलेल्या चकत्या असतात आणि गोळी त्या भोकांतून बाहेर पडते. भोक गोळीपेक्षा थोडंसंच मोठं. दुधी झुकली की गोळी चकतीला घासणार, आणि घासली की काय होणार, हे सांगायला आर्मरर लागत नाही.

मी पाना लावून आवळून पाहिलं. हातातला पाना वाकला, दुधी ढिली व्हायची थांबली नाही. शेवटी मी वडिलांचा दोरा काढला. वडील राहुरीच्या आठवडे बाजारात वहाणा शिवायला बसायचे. मेण चोळलेला त्यांचा काळा दोरा मी एका रिळावर गुंडाळून ठेवला होता, ते गेल्यावर घरातून आणलेली तेवढीच वस्तू. त्याचे दोन वेढे आट्यांत घातले आणि वरून दुधी आवळली. वीस गोळ्या झाल्या, जागची हलली नाही. सांगळेने दुधीवर टिचकी मारली आणि म्हणाला, बाळाला करगोटा बांधला बघ. तेव्हापासून त्या दोऱ्याचं नाव करगोटा.

आता कुणी म्हणेल, एवढं होतं तर वर कळवायचं. कळवायची सोय होती ना. दर तीन महिन्यांनी एक छापील कागद यायचा. उपकरण विश्वासार्ह आहे काय? होय किंवा नाही. 'नाही' असल्यास स्पष्टीकरण जोडावे. उपकरण कुणाच्या ताब्यात होतं, कुणी हाताळलं, त्याच्यावर कारवाई का करू नये. नांदेडच्या शेख मौलाने पहिल्याच तिमाहीत 'नाही' लिहिलं. पंधरवड्यात त्याची चौकशी लागली, पानाच चुकीचा धरला असा ठपका आला, आणि बावीस वर्षं हत्यारांत घालवलेला तो माणूस आठ महिने कोर्टाच्या दारात पहाऱ्यावर उभा राहिला. त्यानंतर सातही जिल्ह्यांतून सात 'होय' जायला लागले. त्यात एक माझा. दर तिमाहीला, माझ्या सहीने.

ती गोष्ट घडली फेब्रुवारीत, चिंचखेडच्या फायरिंग रेंजवर. वार्षिक तपासणी होती. सातही पथकं आपापल्या पेट्या घेऊन आली होती. आम्ही आर्मरर लोक सकाळी सातपासून पत्र्याच्या शेडखाली रायफली उघडून बसलो होतो. मला त्या दिवशी सकाळपासूनच बसवत नव्हतं. उठायचो, पाणी प्यायचो, परत बसायचो, परत उठायचो. चहा दोनदा गार झाला.

शेडमध्ये दुधीचाच विषय. प्रत्येकाचा अनुभव तोच आणि प्रत्येकाचा इलाज निराळा. धुळ्याचा हिलाल पाटील म्हणाला, "आमची दुधी म्हणजे नवा जावई आहे भो. दोन घास पोटात गेले की पट्टा सैल." कोल्हापूरचा बंडा खोत सायकलच्या ट्यूबचं रबर घालायचा. ते तापून वितळायचं आणि टायर जाळल्यासारखी घाण सुटायची. एकाने नळवाल्याची पांढरी पट्टी गुंडाळली होती. एकाने तर बायकोची नखं रंगवायची बाटली आट्यांवर ओतली होती, गुलाबी. त्याच्या पथकात ती दुधी 'वहिनी' नावाने ओळखली जायची. हिलाल माझाच शागीर्द. आदल्या वर्षी मी त्याला माझ्या रिळातला दहा हात दोरा तोडून दिला होता.

सगळे हसत होते. मौला हसला नाही. कोर्टाच्या दारातून परत येऊन त्याला दोन वर्षं झाली होती, तरी ते दार तो विसरला नव्हता. तो चकत्या पुसत म्हणाला, "आपण सात जण सात ठिकाणी एकच भोक बुजवतोय. वर काय कळतं? सातही दुध्या उत्तम. एक दिवस एखादी करगोट्याविना सुटेल, मग बघा."

बंडा खोताने चहा मागवला.

तपासणीआधी करगोटे काढायचे, ही आमची रीतच होती. हत्यारावर नियमाबाहेरचा दोरा, रबर, रंग काहीही सापडलं की तो छेडछाडीचा गुन्हा. म्हणून सकाळी काढायचं, रॉकेलने आटे धुवायचे, तपासणी झाली की कुणाचं लक्ष नाही असं बघून परत बांधायचं. तीन वर्षं असंच चाललं होतं. मीही सकाळी माझा करगोटा काढला, आटे आरशासारखे केले आणि रीळ पँटच्या खिशात ठेवलं.

सांगळे तेवढ्यात आला. जेवणानंतर प्रात्यक्षिक होतं आणि गोळ्या त्याला झाडायच्या होत्या. ही रीत त्याला पहिल्यापासून पसंत नव्हती. तो म्हणायचा, पाहुणे आले म्हणून घराला पाडव्याचं तोरण लावावं, इथं तुम्ही दाराची कडी काढून ठेवता. त्याने दुधी हातात घेऊन आट्यांकडे पाहिलं.

"लहान्या, करगोटा नसेल तर मी घोड्याला बोट लावणार नाही. तू मला सांगायचं."

"सांगेन."

"तोंडाने सांगायचं."

मी त्याला एक शिवी दिली आणि म्हणालो, जेवण होईपर्यंत बांधून ठेवतो, तू तुझी ढेकर सांभाळ. तो हसत गेला.

दहा वाजता तुम्ही आलात. बरोबर वरच्या कचेरीतले दोन पाहुणे. टेबलामागून टेबल बघत निघालात. हिलालच्या टेबलापाशी थांबलात. त्याने करगोटा काढला होता पण घाईत एक टोक आट्यात राहून गेलं होतं, बोटभर. तुम्ही ते चिमटीत धरून ओढलंत आणि उजेडात धरलंत.

"हे काय आहे पाटील? वहाणा शिवता का? रायफल आहे ही, पायताण नाही. चांभारकी करायची तर बाजारात जाऊन बसा."

पाहुणे हसले, त्यांच्यामागे सगळी शेड हसली. हिलालने मान खाली घातली. दोरा कुणाचा, हे त्याने सांगितलं नाही. माझ्याकडे नजरसुद्धा वळवली नाही त्याने, त्याचे उपकार आहेत माझ्यावर.

मी हसलो. नुसतं ओठ हलवले असंही नाही, चांगलं दात दाखवून हसलो. खिशात रीळ होतं. वडील त्याच दोऱ्याने शिवत बाजारात बसायचे, उन्हाने पाठ सोलून निघायची त्यांची, आणि त्या पैशात मी दहावी झालो. त्या दोऱ्याने तुमची दुधी तीन वर्षं जागेवर धरून ठेवली होती. आणि मी हसलो.

मग तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात. नळी डोळ्याला लावलीत, आटे पाहिलेत, बोट फिरवलंत. बोटाला काही लागलं नाही. पाहुण्यांना म्हणालात, हत्यार असं ठेवायचं असतं. घड्याळ पाहिलंत. पाहुण्यांना लवकर निघायचं होतं. "प्रात्यक्षिक आत्ताच उरकू. हीच घ्या रायफल."

मी म्हणालो, "साहेब, दोन मिनिटं द्या."

"कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या खिशात होतं. हाताने चाचपलंसुद्धा. तुम्ही वाट बघत होतात, पाहुणे बघत होते, हिलाल जमिनीकडे बघत होता.

"काही नाही, साहेब."

शेडपासून फायरिंगच्या जागेपर्यंत साठ पावलं. मी रायफल घेऊन चाललो आणि ती साठ पावलं मी आजही चालतो, बसल्या जागी, जेवताना, कुणाशी बोलताना. चाळीसाव्या पावलावर एक बाभूळ होती. तिच्याआड अर्धा मिनिट थांबलो असतो, लघवीचं निमित्त केलं असतं, तरी दोन वेढे बसले असते. मी बाभळीपाशी आलो. तुम्ही माझ्या मागे चार पावलांवर होतात. मी बाभूळ ओलांडली.

पाहुण्यांना घरातून मारा कसा करतात हे दाखवायचं होतं, म्हणून लाकडी खिडकीची एक चौकट उभी केली होती. अशा वेळी नेमबाज डाव्या मुठीत चौकट आणि रायफलीची नळी दोन्ही आवळून धरतो. हात असतो दुधीपासून वीतभर. सांगळेने माझ्या हातातून रायफल घेतली. दुधीवरून हात फिरवला. नव्याने आवळलेली होती, घट्टच लागली असणार. मग त्याने मान वळवली आणि मला काहीतरी विचारलं. एकच शब्द. तुम्ही जवळच होतात, पण पाहुण्यांशी बोलत होतात. काय विचारलं आणि मी काय केलं, ते नंतर सांगतो. तीन वर्षं ते माझ्या पोटात राहिलं, आणखी दोन पानं राहील.

त्याने चौकटीला रायफल लावली. सहा गोळ्या झाडायच्या होत्या. पहिली, पदराआडचा खोकला. पाहुण्यांनी माना डोलावल्या. दुसरी. तिसरी. एरवी दोन गोळ्या झाल्या की मी ओल्या कापडाने दुधी धरून बघायचो. त्या दिवशी मी हात मागे बांधून उभा होतो. चौथी गोळी लक्ष्याच्या काठाला लागली. सांगळेची चौथी कधी काठाला लागत नाही. मला कळलं. त्यालाही कळलं असणार, कारण त्याने श्वास घ्यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

पाचवीचा खोकला झाला नाही. पत्र्यावर घण बसावा तसा आवाज झाला आणि चौकटीच्या ढलप्या उडाल्या. दुधी केळीच्या सालीसारखी फाटून लोंबत होती. सांगळे ओरडला नाही. त्याने रायफल हळूच खाली टेकवली, चाप मोकळा केला, शिस्तीत, आणि मग आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्याची वस्तू बघावी तसं. पहिलं आणि मधलं, अशी दोन बोटं नव्हती.

मी माझा रुमाल बांधला. रक्त थांबेना. आवळायला काहीतरी हवं होतं. मग मी सगळ्यांसमोर खिशातून रीळ काढलं आणि त्याच्या मनगटाला दोऱ्याचे वेढे घातले. तेव्हा मला लाज वाटली नाही. तुम्ही पाहिलंत. त्या वेळी कुणी पायताणाचं नाव काढलं नाही.

पुढे चौकशी झाली. दोन अधिकारी, एक टंकलेखक. त्यांचा पहिला प्रश्न होता, सात जिल्ह्यांतून तीन वर्षांत एकही तक्रार का आली नाही. आमचे 'होय' त्यांनी टेबलावर पत्त्यांसारखे मांडले होते. मौलाचा 'नाही' त्यात नव्हता. मी विचारलं, नांदेडचा कागद कुठाय? ते म्हणाले, तुम्ही फक्त तुमच्यापुरतं बोला. मी खाचेबद्दल बोललो. त्यांनी तुम्हाला विचारलं, तुम्ही नाही म्हणालात, आणि तो विषय टंकलेखकापर्यंत पोचलाच नाही.

दुसरा प्रश्न मला होता. गोळीबारापूर्वी नेमबाजाने उपकरणाच्या स्थितीबद्दल तुम्हाला विचारणा केली होती काय?

मी म्हणालो, नाही.

तोच प्रश्न सांगळेला. हाताला पांढरं बोचकं बांधलेलं. तोही म्हणाला, नाही, मी विचारलं नाही, माझंच चुकलं. निकाल लागला. नेमबाजाने खातरजमा न करता गोळीबार केला, हाताळणीतील निष्काळजीपणा. सांगळेच्या सेवा पुस्तकात तांबड्या शाईत ओळ पडली. त्याचं नेमबाजी शिकवणाऱ्यांत नाव लागणार होतं, ते कापलं गेलं. राहिलेली नोकरी त्याला टपालाच्या खोलीत दिली. दुध्या परत मागवून भांडारात कुलूपबंद केल्या. मला पुढच्या वर्षी बढती मिळाली.

मी त्याच्या घरी जायचो. वहिनी चहा करायच्या. तो डाव्या हाताने कप उचलायला शिकत होता, तीन बोटांत. आम्ही क्रिकेटवर बोलायचो, हवेवर बोलायचो. त्या दिवसावर कधी नाही. दोन वर्षांत मी जाणं कमी केलं. मग तो मुदतीआधीच निवृत्ती घेऊन येवल्याला गेला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

मागच्या डिसेंबरात हिलालचा फोन आला. त्याचा जावई दुसऱ्या राज्याच्या दलात आहे, आर्मररच. बोलता बोलता दुधीची गोष्ट निघाली तर जावई म्हणाला, आमच्याकडे तीच आहे, दहा वर्षं झाली, कधी हलली नाही. हिलालने त्याच्याकडून पेटीचा फोटो मागवून मला पाठवला. तोच काळा स्पंज. लांब जागेत दुधी, आखूड जागेत पाना, तिसऱ्या जागेत ब्रश. आणि कोपऱ्यातल्या गोल खाचेत पोलादाचं एक कडं, कडेला दोन बारीक स्क्रू. दुधी आवळली की मागून ते कडं बसवायचं, स्क्रू पिळायचे. मग दुधी हलत नाही. सोबत एका ओळीची सूचना छापलेली: कडं बसवल्याशिवाय गोळीबार करू नये.

मी तो फोटो किती वेळा उघडला, मोजलं नाही. घरात येरझारा घालायचो. बायको म्हणाली, एकदाचं कुठं जायचं ते जाऊन या.

संक्रांतीला येवल्याला गेलो. त्या दिवशी येवल्यात रस्त्यावर माणूस नसतो, सगळं गाव गच्चीवर असतं. सांगळेच्या गच्चीवर पतंग उडवत होत्या इंदूवहिनी, पदर खोचून, दातओठ खाऊन. लग्नानंतर वीस वर्षं त्या नुसती आसारी धरायच्या, म्हणजे दोऱ्याची ती लाकडी चक्री, आणि गोरख उडवायचा. गोरखचा दोरा डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर चालायचा. ते बोट चिंचखेडला राहिलं. आता आसारी त्याच्या हातात असते.

मला बघून तो म्हणाला, "बढती झाली की माणूस दिसत नाही."

मी बसलो, उठलो, कठड्याशी गेलो, परत आलो. मग एका दमात बोललो.

"गोरख, त्या दिवशी तू मला विचारलं होतंस."

"हो. 'बांधला?' म्हणून विचारलं."

"मी मान हलवली."

"हलवलीस."

"बांधला नव्हता."

तो आसारी फिरवत राहिला. वर वहिनींचा पतंग गोते खात होता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. तू जन्मात कधी मान हलवून उत्तर दिलं नाहीस लहान्या. तुला साधं हो म्हणायचं असलं तरी आधी चार शिव्या लागतात. त्या दिवशी नुसती मान हलली. तेव्हाच ओळखलं."

"मग गोळी का झाडलीस?"

"सकाळी सगळे हसले तेव्हा मी शेडच्या दारात उभा होतो. तूही हसलास. ते मी पाहिलं." त्याने आसारीला एक वेढा दिला. "मी तेव्हा 'थांबा' म्हटलं असतं तर त्यांनी तुझा खिसा उलटा केला असता. सगळ्यांसमोर. वाटलं, सहाच गोळ्या आहेत, निभावतील."

वहिनी वर बघत ओरडल्या, ढील द्या की, कुठं लक्ष आहे. त्याने ढील दिली.

मी फोन काढून त्याच्यापुढे धरला. त्याने आसारी मांडीत दाबली आणि उजव्या हाताने फोन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिलं. तीन बोटांचा हात हळूच वर आला आणि पडद्यावरच्या त्या कड्यावर टेकला.

"ही चुन्याच्या डबीची जागा ना?"

"तीच."

"म्हणजे बसत होतं तर."

त्याने फोन मला परत दिला. वहिनींना तिळगूळ आणायला सांगितलं, त्या म्हणाल्या, पतंग काय तुमचा बाप धरणार का? तेव्हा तो हसला, आणि हसता हसता थांबून मला म्हणाला, "माझं जाऊ दे, तू मला सांगितलंस. आता त्यांना विचार. लेखी विचार, तोंडी त्यांना ऐकू येत नाही."

म्हणून साहेब, हे लेखी आहे. माझ्या मानेचं उत्तर मी दिलं, नाव घालून, ज्याला द्यायचं त्याच्या गच्चीवर जाऊन. माझा 'होय' खोटा होता, दर तिमाहीचा, आणि शेवटचा सगळ्यांत खोटा. त्याची शिक्षा काय असेल ती पाठवा, पत्ता खाली लिहिला आहे.

आता तुमचा कागद भरा. सात पेट्या आल्या, सात खाचा आल्या, सात कडी कुठं आहेत? मौलाचा 'नाही' कुणी काढून घेतला? सांगळेच्या सेवा पुस्तकातली तांबडी ओळ कोण खोडणार? आणि पहिल्या दिवशी मी बोट ठेवलं तेव्हा त्या खाचेत काय असायला हवं हे तुम्हाला माहीत होतं काय? होय किंवा नाही, एवढंच लिहा. 'नाही' लिहिणार असाल तर स्पष्टीकरण जोडा. आम्हाला जोडावं लागायचं.